बेटाजवळची विहीर

नंदुरबारचा जब्बार पत्रेवाला वयाच्या पन्नाशीत पोहायला शिकला, आणि तेही बायकोच्या हुकमावरून. हलीमाचं म्हणणं अगदी सरळ होतं. होडी बनवायची हौस आहे ना, बनवा. तिच्यात बसून फिरायचंय, फिरा. पण आधी मला पोहून दाखवा, नाहीतर त्या होडीचा पत्रा कापून मी पिठाचा डबा करून घेईन. हलीमा बोलते तसं करते हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा जब्बार निमूटपणे विरचक धरणाच्या पाण्यावर गेला. दोन्ही काखांत तेलाचे रिकामे कॅन बांधलेला, दाढी पिकू लागलेला हा भला माणूस काठाकाठानं हात मारतोय आणि शेजारी डुंबणाऱ्या म्हशी त्याच्याकडे पाहतायत, असा तो देखावा होता. म्हशींना येतं ते आपल्याला का येऊ नये, अशी त्यानं मनाची समजूत घातली, आणि थंडी पडायच्या आत त्याला ते आलंही.

धंदा त्याचा कूलरचा. जस्ती पत्रा कापायचा, वाकवायचा, रिबिटा मारायच्या, सांधे झाळायचे, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या आणि चौथीला पंखा. नंदुरबारचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला कूलरवाल्याची किंमत वेगळी सांगायला नको. मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून वारा सुटला की साऱ्या गावाचं नाक चुरचुरतं, आणि वर ऊन असं की सावलीलाही सावली शोधावीशी वाटते. जब्बारच्या कूलरची दोन बाबतींत ख्याती. एक, तो कधी गळत नाही. दोन, तो सांगितल्या दिवशी कधी मिळत नाही. "शुक्रवारी देतो" असं तो म्हणाला, की गिऱ्हाइकानं कोणता शुक्रवार ते विचारून घ्यावं. माणूस खोटारडा नाही. हातातलं काम मनासारखं झाल्याशिवाय त्याच्याच्यानं सोडवत नाही, एवढंच.

होडीचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या मुलीनं, यास्मीननं. तिनं एकदा मोबाईलवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी दूरच्या देशातलं बेट. अरुंद, लांबोळक्या होड्यांमध्ये माणसं एकएकटी बसलीत, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि किनाऱ्याला चिकटून ती बेटाला वळसा घालतायत. मध्येच एखादी नदी समुद्राला मिळते तिथं वळून आत शिरतायत, नदीतून वर एखाद्या तळ्यापर्यंत जातायत. ना इंजिन, ना आवाज. यास्मीनचं घटकाभर हसून झालं आणि ती विसरून गेली. जब्बारनं मात्र तो व्हिडिओ जेवताना पाहिला, दुकानात पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. मग पोरीला विचारलं, "ये किस चीज की बनती है?" फायबरची, प्लास्टिकची, ती म्हणाली. "पत्रे की क्यों नहीं?"

"कूलर बना-बना के दिमाग में पानी भर गया क्या?" हलीमा म्हणाली.

पण जब्बारचा हिशेब पक्का होता. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे आपण जन्मभर करत आलो. आता बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. पत्रा तोच, सांधा तोच, फक्त पाण्याची बाजू बदलली. पावसाळ्यात कूलरला कुत्रं विचारत नाही, तेव्हा हात मोकळेच होते. पहिली होडी त्यानं अशी केली की ती पाण्यात घातल्याबरोबर कुशीवर वळून झोपली. दुसरी सरळ राहिली पण भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायची. तिसरीचा तळ त्यानं सपाट ठेवला, दोन्ही टोकं निमुळती केली, तळाला मधोमध एक कणा बसवला आणि उरलेला कूलरचा हिरवा रंग तिला फासला. बाजारात तिचं नाव पडलं डब्बा. पुढं आपल्या होडीला डब्बा म्हणणाऱ्यांत जब्बार स्वतःच पहिला असायचा.

मग हा गडी फिरायला लागला. आठवड्याच्या सुट्टीला डब्बा टेम्पोच्या टपावर बांधायचा आणि निघायचं. विरचक पाहून झालं. प्रकाशा गावापाशी बंधाऱ्यामुळं तापी बाराही महिने भरलेली, तिथं देवळांच्या घाटाखालून तो वर गेला आणि गोमाई जिथं तापीत येते त्या तोंडातून आत शिरला, दोन्ही बाजूंना केळी, मध्ये आपण एकटे. तोरणमाळच्या तलावावर गेला तर धुकं असं उतरलं की स्वतःचं वल्हं दिसेना, तेव्हा तो वल्हं आडवं ठेवून गप्प बसून राहिला आणि धुकं उठल्यावर पाहतो तर काठ हाताच्या अंतरावर. पाऊस ओसरल्यावर खांडबाऱ्याच्या बाजूनं नेसू नदीत उतरून तो खाली खाली गेला, आणि एका वळणानंतर दोन्ही काठ एकदम बाजूला सरले. पुढं उकाई धरणाचं पाणी. एवढं पाणी त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या पाण्यात मध्येच डोंगरांची टोकं वर राहिलेली, अगदी व्हिडिओतल्यासारखी खरीखुरी बेटं.

"या अल्ला," तो मोठ्यानं म्हणाला आणि एकटाच हसला.

त्या बेटांनी त्याला वेड लावलं असं म्हटलं तर खोटं नाही. प्रत्येक बेटाला एक शांत बाजू असते आणि एक वाऱ्याची, हे तो तिथं शिकला. दुपार कलली की पश्चिमेचा वारा लाटा उठवतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूनं जायचं ते सकाळी. काठाच्या अगदी जवळ गेलं तर पाण्याखालची खुंटं तळाला ओरबाडतात, म्हणून वल्ह्यानं चाचपत जायचं. पाणी उतरलं की बेटाच्या कडेला त्याच्या रेघा राहतात, दर आठवड्याची एक. पाणकावळे कुठं पंख वाळवत बसतात, कुठल्या खोबणीत मासोळी उड्या मारते, सारं त्याला पाठ झालं. तिथं मासे धरणारा दलसिंग आधी त्याच्यावर खवळायचा, कारण लाट लागली की डब्बा ढणढण वाजायचा आणि मासे पळायचे. मग जब्बारनं तळाला आतून जुन्या टायरचं रबर चिकटवलं. दलसिंगनं त्या दिवशी त्याला चहा पाजला. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारणाऱ्या माणसाला आवाज न करता फिरता येण्याचं सुख काय असतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. कौतुक वाटतं ते हे, की या माणसानं कुणाला दाखवायला म्हणून काही केलं नाही. जिथं पाणी दिसलं तिथं हा गेला, आणि नीट पाहून आला.

आता सिंधुबाईंकडे येऊ. सिंधुबाई खांडबाऱ्याजवळच्या एका गावात राहतात, शेतीवाडीचं घर आहे, मुलगा नोकरीला, सून रुपा घर आणि मळा दोन्ही सांभाळते. त्यांच्याकडे जब्बारचेच कूलर. एकदा पंप बिघडला म्हणून तो गेला तेव्हा परतीच्या वाटेवर पाण्यात उतरायचं म्हणून टपावर डब्बा बांधलेला होता. सिंधुबाई अंगणात आल्या, मान तिरपी करून टेम्पोकडे पाहू लागल्या. त्यांना काचबिंदू झालाय. डावा डोळा गेला, उजव्याला नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधावर जेवढं टिकेल तेवढं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

"भाऊ, हाई काय शे?"

"होडी शे, आक्का."

"पत्रानी? बुडत नई?"

"आजूनपावत ते नई बुडनी," जब्बार म्हणाला. "उकाईना पानीमा लई जास मी तिले."

सिंधुबाई एक पाऊल टेम्पोजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तठे मन्हं गाव शे."

त्यांचं माहेर जुनं कोरखेडं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या परकर नेसणारी पोर होत्या. गाव उठलं, कुणी इकडे गेलं, कुणी तिकडे. आई-वडील कधीच गेले, भाऊ सुरतेला गेला आणि तिथंच वारला. आता कोरखेडं पाहिलेलं त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नाही. गावाचा रस्ता पाण्याखाली, त्या अंगाच्या काठाला नुसती झुडपं, माणसाची वस्ती नाही, तेव्हा इतक्या वर्षांत तिकडे जायचं काही कारणच पडलं नाही. कारण पडलं ते आता, डोळे जायला लागल्यावर.

"बेटना उगवतले आम्हनी हीर व्हती," त्या सांगू लागल्या. "बेटना जोडेच. बेटमा बठी हाक मारी ते हीरवर ऐकू ये. एक डोया ते गयाच भाऊ, दुसरा बी चालना. तेनी आगोदर ती हीर एकदाव माले दखाडी दे."

उगवतीला, बेटाच्या शेजारी विहीर. याहून सोपा पत्ता काय असणार? आणि बेटांची माहिती साऱ्या जिल्ह्यात कुणाला असेल तर ती जब्बारला.

"दखाडसू, आक्का," तो म्हणाला. "उन्हाळामा पानी उतरनं का लगेच."

शुक्रवारी कूलर देतो म्हणावं तितक्या सहज तो म्हणून गेला. पण घरी येताना टेम्पो चालवत त्याला त्या बाईची तिरपी मान आठवत राहिली, आणि हा वायदा नेहमीच्या वायद्यांतला नाही हे त्याला पुरतं कळलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जब्बारच्या घरात बोलतात हिंदी, बाजारात अहिराणी. घरच्या भाषेत पाण्यातल्या जमिनीला टापू म्हणतात. बेट हा शब्द त्याला भेटला तो नगरपालिकेच्या मराठी शाळेत, भूगोलाच्या तासाला. गुरुजींनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेलं होतं: चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. छडी चांगलीच लागलेली असावी, कारण चाळीस वर्षांनंतरही ती व्याख्या त्याच्या डोक्यात जराही हललेली नव्हती.

हलीमाला मात्र शंका आली. "वो छोटी थी तब तो ये पानी था ही नहीं. फिर टापू कहाँ से आया?"

"तापी में होगा," जब्बार म्हणाला. "नदी के बीच में टापू नहीं होता क्या?"

दलसिंगनंही सांगून पाहिलं. ही सारी डोंगरांची डोकी आहेत, यांच्याभोवती कधी गाव नव्हतं, माझा बाप इथं लाकडं तोडायचा. पण जब्बारला जे पाठ होतं ते पाठ होतं. उन्हाळा आला, धंद्याचे दिवस, दुकानापुढं गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि हा भला माणूस पहाटे उठून उकाईला. एकेका बेटाच्या उगवतीच्या अंगाला जाऊन, लोखंडी कांबीनं तळ ठोकत, काठाच्या बाजूनं वर, मग जरा आतून खाली. ऊन डोक्यावर आलं की अंगाखालचा पत्रा तव्यासारखा तापायचा. हाताला फोड आले, फुटले, तिथं घट्टे पडले. एका बेटाच्या पायथ्याला त्याला चिखलात दगडी उखळ सापडलं. आनंदानं त्यानं ते उचलून होडीत घातलं, होडी बुडता बुडता वाचली, आणि टेम्पोतून थेट सिंधुबाईंच्या अंगणात नेऊन ठेवलं. त्यांनी उखळाच्या आत हात फिरवला.

"हाई आम्हनं नई, भाऊ," त्या म्हणाल्या. मग त्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं.

पाऊस आला, पाणी चढलं. पुढचा उन्हाळाही तसाच गेला. जी बेटं आधी राहिली होती ती झाली, जी झाली होती ती पुन्हा झाली. त्याच्या दुकानात त्या वर्षी ओरडा झाला तो वेगळाच. दर वेळी तो सिंधुबाईंकडे जाऊन सांगायचा, आज अमुक बेट झालं, आज तमुक. त्या ऐकून घ्यायच्या. आणि दर वेळी त्याला दिसायचं की त्या आता चहाचा कप उचलण्याआधी बोटांनी शोधतात.

शेवटी त्यांनीच विषय संपवला. "ऱ्हाऊ दे, भाऊ. तू भलता दमना. नशीबमा नई ते नई."

या शब्दांनी जब्बार जितका खचला तितका गिऱ्हाइकांच्या शिव्यांनी कधी खचला नव्हता. कूलर उशिरा दिला तर माणूस चार दिवस घामेजतो आणि मग विसरतो. इथं उशीर झाला तर ती भरून निघण्यासारखी गोष्ट नव्हती. त्यानं डब्बा दुकानामागं उपडा घातला. हिवाळाभर तो पाण्यावर गेला नाही. हलीमानंही त्याला त्यावरून एका शब्दानं छेडलं नाही, आणि ती छेडत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे समजायचं.

पाडव्याच्या दिवशी सकाळी तो सिंधुबाईंकडे गेला तो कूलरचं गवत बदलायला. जायला पाय उचलत नव्हता, पण ऊन लागलं होतं आणि काम काम असतं. अंगणात गुढीची तयारी चाललेली. रुपानं साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेचं कडं, तांब्या सारं काढून ठेवलं होतं. ओसरीवरून सिंधुबाई सुनेला म्हणाल्या,

"रुपा, बेटमाईन एक सरय काठी तोडी आन वं."

जब्बारच्या हातातलं गवत हातातच राहिलं.

"आक्का," तो म्हणाला, "बेट कोठे शे आठे?"

"परसमा शे ना. तुले नई दखात? बांबूसनं बेट."

जब्बार उठला आणि चालत परसात गेला. कोपऱ्यात, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं बांबूंचं दाट गचपण होतं आणि रुपा कोयत्यानं त्यातली एक काठी तोडत होती. दोन वर्षं तो या घरी येत होता. या बांबूंच्या सावलीत त्यानं पंप खोलला होता.

"इसको बेट बोलते?" त्यानं रुपाला विचारलं. गडबडीत अहिराणीही विसरला.

"मंग काय बोलतस?" रुपा म्हणाली.

तो तिथंच खाली बसला. कपाळावर हात मारला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपाला वाटलं यांना ऊन लागलं. ओसरीवर येऊन त्यानं सिंधुबाईंना सांगितलं की माझी अक्कल दोन वर्षं चरायला गेली होती. तुमच्या बेटासाठी मी उकाईतल्या एकूण एक टापूला घिरट्या घातल्या. सिंधुबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग शांत झाल्यावर म्हणाल्या, हे परसातलं बेटही तिथलंच. गाव उठलं तेव्हा वडिलांनी गावच्या बेटाचा एक कंद खणून बरोबर घेतला, आणि त्यातलाच फुटवा लेकीच्या लग्नानंतर तिच्या परसात आणून लावला. गावचं बेट केवढं मोठं होतं म्हणून सांगू, त्या म्हणाल्या, उंचावर होतं, गावाच्या वरच्या अंगाला.

उंचावर. म्हणजे बुडालं नसणार. आणि असं एक बेट जब्बारला माहीत होतं. नेसूच्या तोंडापासून पुढं, झुडपांच्या काठावर बांबूंचा एक भला थोरला पुंजका आहे. तिथं सावली दाट असते, म्हणून बेटं धुंडाळून दमल्यावर भाकरी खायला तो त्याच्याखाली जाऊन बसायचा. दोन्ही उन्हाळे. भाकरी खाऊन, त्याच पाण्यात हात धुऊन, तो पुन्हा बेट शोधायला निघायचा. हे पुढं त्यानं स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगितलं, इतकं की हलीमाला त्याला त्यावरून चिडवायची सोयच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्बा पाण्यात होता. बेटापासून उगवतीकडे तो हळूहळू सरकत गेला, कांब खाली सोडत. चिखल, चिखल, नुसता चिखल. मग एका ठिकाणी कांब खट्कन वाजली. दगड. पुढं दगड. गोल वळत गेलेला दगड, आणि त्याच्या आत पुन्हा चिखल. पाणी वरून जेमतेम हातभर. त्यानं बाही वर करून हात घातला आणि घडीव काठावरून फिरवला. दलसिंग लांबून विचारत होता काय झालं, तर यानं नुसतं वल्हं उंच करून दाखवलं.

आता घाई होती ती वेगळी. पाणी आणखी उतरलं की तिथं उरतो काळा गाळ, ज्यात म्हैस रुतते तर माणसाची काय कथा. जायचं ते हातभर पाणी आहे तोवर, आणि जायचं ते होडीतूनच. पण सिंधुबाईंना होडीत बसवायचं म्हणजे थट्टा नव्हती. जब्बारनं मधली बैठक काढून टाकली, तळाला गोधडी अंथरली, दोन्ही बाजूंना बाहेरून आडव्या काठ्या बांधून त्यांना रिकामे कॅन जखडले, म्हणजे होडी कलली तरी उलटणार नाही. हलीमा कमरेवर हात ठेवून पाहत होती. "उस बेचारी को बिठाने से पहले मेरे को बिठाओ," ती म्हणाली. जन्मात पाण्यात पाय न घातलेली हलीमा विरचकवर डब्ब्यात बसली, डोळे मिटून, ओठांत काहीबाही पुटपुटत. जब्बारनं होडी मुद्दाम हलवून पाहिली. हलीमानं डोळे न उघडता त्याला एक शिवी दिली आणि होडी पास केली.

तो सिंधुबाईंकडे गेला आणि म्हणाला, उद्या सकाळी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखर दारात उभा होता. त्याच्या आजवरच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

पाणी उतरलेल्या जमिनीवर गाळपेर केलेले टरबुजाचे वेल होते, त्यांच्या मधून रुपानं सासूला हाताला धरून पाण्यापर्यंत आणलं. हलीमाही आली होती. तिनं सिंधुबाईंच्या पदराची गाठ कमरेला घट्ट खोचून दिली. सिंधुबाई गोधडीवर बसल्या, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून. जब्बार मागं बसला. वाऱ्याला अजून वेळ होता, पाणी सपाट होतं. जब्बार काठाकाठानं वल्हवत निघाला.

"हिरवं काय शे ते?" सिंधुबाईंनी एकदम विचारलं.

"तुम्हनं बेट, आक्का."

त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, उजव्या डोळ्याच्या नळीत ते हिरवं पकडायला. सापडलं तेव्हा तशाच बसून राहिल्या. मग जब्बारनं होडी उगवतीकडे काढली, वल्ह्यानं चाचपत दगडाच्या काठाशी आणली आणि थांबवली.

"हाई हीर," तो म्हणाला. "आठेच, तुम्हना हातखाले."

सिंधुबाई वाकल्या. पाणी गढूळ, हिरवट, वरून उन्हाची तिरीप. त्यांनी डोळा पाण्याच्या अगदी जवळ नेला. कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"माले काहीच दखात नई, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला.

जब्बारनंही वाकून पाण्यात पाहिलं. एवढं सारं केलं ते दाखवण्यासाठी, आणि दाखवायचं ते पाण्याखाली, गढूळ पाण्याखाली. याचा विचार त्यानं केलाच नव्हता. स्वतःच्या हाताला लागलं तेव्हा त्याला ते दिसल्यासारखंच वाटलं होतं. मग त्याला तोच हात आठवला.

"आक्का, हात घाला," तो म्हणाला. "भिऊ नका. मी दुसरी बाजूले वजन टाकस."

तो सारं अंग उजवीकडे टाकून कलला. सिंधुबाईंनी डावीकडे बाही कोपराच्या वर सारली आणि हात पाण्यात सोडला. बोटं दगडाला लागली. ती दगडावरून पुढं सरकली, थांबली, मागं आली. काठाच्या दगडात एके ठिकाणी खोल खाच होती. वर्षानुवर्षं एकाच जागी दोर घासून पडलेली. शेजारी दुसरी होती, तिच्यापुढं तिसरी. विहिरीवर प्रत्येक घराची पाणी शेंदायची जागा ठरलेली असायची. सिंधुबाईंची बोटं पहिल्या खाचेतून निघून दुसरीत गेली, तीही सोडली, आणि तिसऱ्या खाचेत जाऊन बसली. तिथून ती हलली नाहीत.

"हाई मन्ही मायना दोर," त्या म्हणाल्या.

काठावर हलीमा आणि रुपा उभ्या होत्या, त्यांना एवढंच दिसत होतं की होडी थांबलीय आणि म्हातारी पाण्यात हात घालून बसलीय. सिंधुबाईंनी दोन्ही डोळे मिटून घेतले होते. बोट खाचेतून आत जात होतं, बाहेर येत होतं, जसं लहानपणी घागर भरेपर्यंत तिथं बसून केलं असेल तसं.

"आते डोया गयात तरी चाली, भाऊ," त्या म्हणाल्या.

जब्बार दुसऱ्या कडेला सारं वजन टाकून, वल्हं पाण्यावर आडवं धरून होडी सरळ ठेवत होता, आणि त्या हात बाहेर काढेपर्यंत त्याला तसंच राहायचं होतं.